नैसर्गिक म्हणजे काय रे भाऊ?

सोसायटीच्या ग्रुपवर ‘केमिकल-फ्री सफाई’वाला मेसेज दर महिन्या-दोन महिन्यांनी फिरतोच. खाण्याचा सोडा घ्या, त्यात सायट्रिक अ‍ॅसिड घाला, फसफसू द्या, घर चकाचक! आणि खाली शिक्का: १०० टक्के नैसर्गिक!!!

सायट्रिक अ‍ॅसिडबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट ते प्रत्येक घरात असावं अशा मताचा मी आहे. माझी तक्रार त्या शिक्क्याबद्दल आहे. ‘नैसर्गिक’ म्हटलं की माणूस पुढचा प्रश्नच विचारत नाही. आणि साफसफाईत प्रश्न विचारला नाही की ते कुणाच्या तरी हातांना, डोळ्यांना, फुफ्फुसांना महागात पडतं. बऱ्याच घरांत ते हात आपलेही नसतात, कामाला येणाऱ्या मावशींचे असतात.

आधी नैसर्गिकपणाचंच बघू. शीले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक अ‍ॅसिडचे स्फटिक वेगळे काढले. पुढे शंभरेक वर्षं ते लिंबापासूनच बनायचं आणि त्यात इटलीचा दबदबा होता. मग १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक अ‍ॅसिड तयार करते. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, फायझर कंपनीने त्या पद्धतीने उत्पादन सुरू केलं. आज वाण्याकडे जी पांढरी पुडी मिळते ती मळी किंवा मक्याच्या स्टार्चपासून मोठमोठ्या टाक्यांत बुरशीकडून बनवून घेतलेली असते. ही बुरशी तुम्ही पाहिलेली आहे. कांद्याच्या सालीखाली काळी पूड दिसते ना, तीच ती.

आता हे नैसर्गिक की कृत्रिम? मला विचाराल तर प्रश्नच फिजूल आहे. लिंबातला रेणू आणि टाकीतला रेणू अगदी एकच. विचारायचं ते हे, की तो करतो काय आणि कुठे करत नाही.

करतो काय, ते सोपं आहे. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं किंवा वाळलं की ते मागे राहतात. शॉवरची जाळी बुजते, किटलीच्या तळाला पापुद्रे धरतात, नळावर पांढरे डाग पडतात. यात मुख्य असतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे घट्ट बसलेला खडूच म्हणा. साबणाने तो हलत नाही, आम्लाने विरघळतो. हिशोबच मांडायचा तर १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड कागदावर साधारण ७८ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट फोडू शकतं. तेवढं आम्ल लिंबातून मिळवायचं तर जवळजवळ दोन लिटर रस लागेल, कारण रसात ते जेमतेम ५-६ टक्के असतं. पाऊणशे-शंभर लिंबं बादलीत पिळायची? त्यापेक्षा पुडी बरी. लिंबं सरबताला राहू द्यात.

कृतीही फार नाही. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे २५-३० ग्रॅम पूड. त्यात शॉवरची जाळी अर्धा-एक तास बुडवून ठेवायची, ब्रशने घासायची, धुवायची. पाणी गार किंवा कोमट असावं. जास्त पूड घालून खळाखळा उकळलं तर कॅल्शियम सायट्रेटचा नवा पांढरा थर बसू शकतो, म्हणजे एक क्षार काढून दुसरा घातल्यासारखं.

आता त्या मेसेजमधल्या मिश्रणाकडे वळू. सायट्रिक अ‍ॅसिड हे आम्ल, खाण्याचा सोडा हा अल्कली. १०० ग्रॅम अ‍ॅसिडमध्ये साधारण १३० ग्रॅम सोडा पडला की दोघंही संपले. उरतं काय, तर सोडियम सायट्रेटचं खारट पाणी आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर एका ओळीत काउंटर एकने वाढवला आणि पुढच्याच ओळीत एकने कमी केला. प्रोग्राम चालला, उत्तर शून्य. फसफस बघायला मजा येते आणि तुंबलेल्या जाळीतला कचरा थोडाफार हलतोही, नाही असं नाही. पण क्षार काढायला आम्ल शिल्लक राहत नाही आणि तेलकटपणा काढायला सोडाही.

गंमत म्हणजे ही विभागणी आपल्या आज्यांना पाठ होती. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच, कोकम नाहीतर लिंबाची फोड आणि मीठ. तेलकट, ओशट भांड्यांना चुलीतली राख. चिंच आम्ल, राख अल्कली. पीएच हा शब्द त्यांना ठाऊक नसेल, पण कोणत्या डागाला काय लागतं ते पक्कं ठाऊक होतं. आज तेलकट चिमणीच्या जाळीवर लोक सायट्रिक अ‍ॅसिड चोळत बसतात आणि ‘काही उपयोग नाही हो’ म्हणतात. अहो, कसा होईल? तिथे गरम पाणी आणि धुण्याचा सोडा हवा. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सोडाही नको, नुसतं भांड्यांचं लिक्विड.

आणि कुठे वापरायचंच नाही, हे तर मेसेजमध्ये कधीच नसतं. शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा, संगमरवर, झालंच तर जुन्या घरांतली मोझाइकची लादी. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवर कॅल्शियम कार्बोनेटचाच, आणि मोझाइकमध्ये सिमेंटात त्याच्याच कपच्या बसवलेल्या. जे आम्ल किटलीतला खार खातं ते फरशी काय सोडणार आहे? कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळलं की पांढरट डाग राहतो आणि तो काही केल्या जात नाही, हे ज्यांच्या घरी कडप्पा आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सिरॅमिक टाइल आणि ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही. तरी आधी कोपऱ्यात थोडं लावून बघावं.

मग एवढं सगळं असूनही मी याची बाजू का घेतो? कारण त्याची तुलना पाण्याशी नाही, मोरीच्या कोनाड्यातल्या त्या दुसऱ्या बाटलीशी आहे. आपल्याकडे ‘अ‍ॅसिड’ म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. संडास साफ करायच्या ब्रँडेड बाटलीत ते बऱ्याचदा १० टक्क्यांच्या आसपास असतं. सुटं मिळतं ते याहून कडक असू शकतं, आणि ते येतं पाण्याच्या जुन्या बाटलीतून, लेबल नाही, काही नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली: घेणाऱ्याचं ओळखपत्र, नोंदवहीत नाव-पत्ता, १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही. हे झालं अ‍ॅसिडहल्ल्यांच्या संदर्भात, पण बंद न्हाणीघरात उघड्या हातांनी ते ओतणाऱ्या बाईच्या नाका-डोळ्यांचं काय? त्याची नोंद कुठल्या वहीत होते?

सायट्रिक अ‍ॅसिडची वाफ होत नाही. पूड असल्यामुळे सांडली तर झाडून घेता येते, पाणी समजून कुणी पिण्याची भीती कमी. पण तेही आम्लच आहे बरं का. वर सांगितलेल्या द्रावणाचा पीएच २ च्या आसपास असतो. डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं आणि हाताला चीर असेल तर कळतंच. तेव्हा हातमोजे हवेतच, आणि ते मावशींसाठी आपण आणून ठेवायचे.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच. ‘कुठलंही’ यात सायट्रिक अ‍ॅसिड आलं, व्हिनेगर आलं, लिंबूही आलं. क्लोरीन तयार होताना आम्ल झाडावरून आलंय की कारखान्यातून, हे बघत नाही. ब्लीच जंतू मारायला, आम्ल क्षार काढायला. दोन्ही वापरायचीच असतील तर वेगवेगळ्या दिवशी, मध्ये भरपूर पाणी ओतून.

तेव्हा पुडी जरूर आणा. बरणीत भरा, बरणीवर नाव लिहा, खाली दोन ओळी लिहा: ‘फरशीला नको. ब्लीचबरोबर कधीच नको.’ आणि जी व्यक्ती खरोखर मोरी घासते तिला हे एकदा नीट समजावून सांगा. मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा पाच मिनिटं जास्त लागतील, पण त्या पाच मिनिटांचा उपयोग ‘नैसर्गिक’ या शब्दापेक्षा नक्कीच जास्त होईल.