'याला उचला' म्हणणाऱ्यांनो, नेऊन ठेवायचं कुठे?

काल सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. मुंबईच्या ह्या उकाड्यात अंगावर तीन शर्ट, केसांच्या जटा, पुलाखाली पिशव्यांचं गाठोडं उशाला घेऊन झोपलेला माणूस. खाली मजकूर : "ह्या वेड्याला कुणीतरी उचला, लेकीबाळी जातात इथून." त्यावर छत्तीस अंगठे.

गेल्या पावसाळ्यात अशाच एकासाठी मी पोलिसांना फोन केला होता. "काही गुन्हा केलाय का त्याने?" नाही. "मग आम्ही काय करणार?" दोन दिवसांनी तो तिथे नव्हता. चहावाला म्हणाला, सोडला असेल पुढच्या हद्दीत. झालं, प्रश्न सुटला!

गुन्हा लागतच नाही हो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. मानसिक आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणारा माणूस हद्दीत भटकताना दिसला, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणेप्रमुखाचं काम. चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. कोठडीत टाकायचं नाही. बेपत्ता म्हणून नोंद करायची, घरचे शोधायचे. बेघराला उपचार फुकट, त्यासाठी पिवळं रेशनकार्डही मागता येत नाही. दवाखान्यात मात्र पहिला प्रश्न, "सोबत नातेवाईक कोण?" अहो, नातेवाईक असते तर तो पुलाखाली असता का?

"असले लोक बरे होत नाहीत" म्हणणाऱ्यांनी कर्जतला जाऊन यावं. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी १९८८ पासून रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करतात. हजारोंना त्यांच्या संस्थेने घरी पोचवलंय, पार बिहार-बंगालपर्यंत. डॉ. भरत यांना २०१८ला मॅगसेसे मिळालं तेव्हा आपणच अभिनंदनाच्या पोस्टी टाकल्या होत्या. मीही. पण एका डॉक्टर जोडप्याने सरकारचं काम किती वर्षं करायचं?

आणि बरा झाल्यावर ज्याला घरच नाही, त्याने कुठे जायचं? शहरात लाख लोकांमागे एक रात्रनिवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालंय. २०११च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे सव्वाशे निवारे. तुमच्या वॉर्डातला कुठे आहे, नगरसेवकाला विचारून बघा. खड्ड्यांसाठी विचारता ना!

ग्रुपवर मी कलम १०० टाकलं. एकाचं उत्तर आलं : "ते ठीक आहे सर, पण उचलणार कधी?"

उद्या सकाळी दहाला लेखी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जातोय. पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. त्या छत्तीसपैकी कोण येतंय?