औंढ्याच्या ‘लायगो’तून कृष्णविवराचा फोटो निघणार का?

औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ होणार म्हटलं की नांदेड-लातूरकडे पहिला प्रश्न ठरलेला: मग कृष्णविवराचा फोटो आता आपल्याकडूनच निघणार का?

नाही. पण का नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

10 एप्रिल 2019 ला जगाने पाहिलेलं ते केशरी कडं रेडिओ दुर्बिणींनी टिपलं होतं. एम 87 आकाशगंगेतलं ते कृष्णविवर साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. इतकं बारीक दिसायचं तर दुर्बीण जवळपास पृथ्वीएवढी हवी. ती कोण बांधणार? म्हणून एप्रिल 2017 मध्ये हवाई, चिली, स्पेन असं करत जगभरातल्या आठ दुर्बिणींचं जाळं केलं. प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळ. एकच लहर कुठे किती आधी पोचली, हा फरक नंतर संगणकावर जुळवला आणि त्यातून चित्र उभं राहिलं. माहिती एवढी होती की इंटरनेटने पाठवणं परवडेना. हार्ड डिस्क चक्क विमानाने नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या होत्या!

हे तंत्र महाराष्ट्राला नवं नाही. नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’च्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश मिळून एक दुर्बीण होते. पण ती मीटरभर लांबीच्या लहरी पकडते. त्या फोटोला 1.3 मिलिमीटरच्या लहरी लागल्या. हवेतलं बाष्प त्या शोषून घेतं, म्हणून उंच आणि कोरड्या जागा शोधाव्या लागतात.

औंढ्याला डिश नसतीलच. तिथे काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या आणि आत लेझर असेल. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली की अवकाशच किंचित ताणलं जातं. तो प्रोटॉनपेक्षाही लहान फरक मोजायचा. हे बघणं कमी, ऐकणं जास्त.

कानही लांब लांब हवेत. अमेरिकेतले दोन लायगो 3,000 किलोमीटर अंतरावर आहेत. पण दोघांनाच ऐकू आलं, तर आवाज कुठून आला ते नीट कळत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये इटलीतला ‘व्हर्गो’ सोबत होता, म्हणून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा 28 चौरस अंशांपर्यंत आली आणि दुर्बिणींना काही तासांत ती आकाशगंगा सापडली. मराठवाडा या सगळ्यांपासून दूर आहे, हीच त्याची किंमत.

तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016 ची, 2,600 कोटींची मंजुरी एप्रिल 2023 ची. सात वर्षं कागदावरच गेली. आता लक्ष्य 2030 चं आहे.

किल्लारी आठवणाऱ्या लातूरकरांचा पुढचा प्रश्नही रास्त आहे: जमीन हलली तर? 21 मार्च 2024 ला हिंगोलीत 4.5 तीव्रतेचा धक्का बसलाच होता. या यंत्रातले आरसे टांगलेले असतात, लहानसहान थरथर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मोठ्या धक्क्याने मात्र लेझरची जुळणी सुटते आणि सगळं पुन्हा जुळवावं लागतं. अमेरिकेतही असंच होतं. तेवढ्या वेळात एखादी टक्कर झालीच, तर ती बाकीच्यांनी ऐकायची.