बर्फाआधी सिमेंटचा चौक हवा

1984 च्या सरायेवो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जेन टॉरविल आणि ख्रिस्तोफर डीन यांच्या ‘बोलेरो’ या संगीतरचनेवरील बर्फनृत्याला कलात्मकतेसाठी नऊही परीक्षकांनी 6.0 गुण दिले. ती पूर्वी विमा कार्यालयात कारकून, तो पोलीस. नोकऱ्या सोडून पूर्णवेळ सराव करणे त्यांना जमले, कारण नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेने अनुदान दिले.

1976 पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या या खेळात ताल, पायांची अचूकता आणि जोडीदाराशी जुळलेली लय यांना गुण मिळतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तारपा या वाद्याच्या सुरात फेर धरणाऱ्या वारली मुलांना लयीची ओळख करून द्यावी लागत नाही.

अडते ते बर्फापाशी. डेहराडूनची बर्फाची रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभी राहिली आणि नंतर कित्येक वर्षे बंद राहिली.

पण चाकांच्या स्केट्सवरही जोडीने नृत्याच्या स्पर्धा होतात. त्यासाठी गुळगुळीत पृष्ठभाग पुरतो. भातसा-तानसा धरणांचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर-मुरबाड भागात ठाणे जिल्हा परिषदेने दोन्ही तालुक्यांत एकेक स्केटिंग चौक बांधावा, शाळांना स्केट्स द्यावेत आणि पगारी प्रशिक्षक नेमावा. पुढच्या अर्थसंकल्पातच ही तरतूद व्हायला हवी.