खांब तिप्पट, ठेवी तेवढ्याच

मोंढ्यात आडत दुकानाची दिवाणजीगिरी करण्यात माझी तीस वर्षं गेली. आकड्यांची भीती कधी वाटली नाही. आता त्यांच्या चित्रांची वाटते.

गेल्या साली अंबाजोगाईतल्या एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेला गेलो होतो. पडद्यावर ठेवींचे दोन खांब आले. आदल्या वर्षीचा बुटका, चालू वर्षाचा त्याच्या तिप्पट. टाळ्या पडल्या. मी चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचली: ९८ कोटी आणि १०२ कोटी. वाढ जेमतेम चार टक्के! खांबांची मोजपट्टी शून्याऐवजी ९६ पासून सुरू केली होती, एवढीच करामत.

मग कर्जाचं वर्तुळ आलं. तुकडे अकरा, थकबाकीचा सर्वांत फिकट. शेजारचे शेतकरी सभासद कुजबुजले, "दिवाणजी, थकबाकी वाढली का घटली?" वर्तुळ ते सांगूच शकत नाही. ते एका दिवसाची वाटणी दाखवतं. वाढ-घट पाहायची तर पाच वर्षांची रेषा हवी.

खांब आणि रेषा व्यापाराच्या आकड्यांसाठी विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये वापरल्या. वर्तुळही त्यानेच १८०१ मध्ये आणलं. पुढे १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी दाखवून दिलं की आपल्या डोळ्याला कोनापेक्षा लांबी जास्त अचूक कळते. आमच्या हमालांना हे सांगावं लागत नाही. पोत्यांच्या दोन थप्प्यांत उंच कोणती, ते लांबूनच सांगतात. भाकरीच्या अकरा तुकड्यांत मोठा कोणता, यावर मात्र घरात भांडण होईल. म्हणून वर्तुळ दोन-तीन वाट्यांपुरतंच ठीक.

सोयाबीनचं घ्या. हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला ४,६०० रुपये, पुढच्या वर्षी ४,८९२, त्यानंतर ५,३२८. नुसते तीन खांब काढले की चढती शिडी दिसते. चित्र खरं, पण अर्धं. त्याच कागदावर मोंढ्यात पडलेल्या भावाची महिन्यागणिक रेषा ओढा. ती हमीभावाच्या खाली किती महिने राहिली, हे शाळकरी पोरालाही दिसेल. पहिलं चित्र विचारतं, सरकारने किती जाहीर केले? दुसरं विचारतं, शेतकऱ्याच्या हातात किती पडले? चित्राचा प्रकार निवडणारा माणूस खरं तर प्रश्नच निवडत असतो.

विषयाप्रमाणे चित्र कसं ठरवावं, याचा दाखला अंबाजोगाईतच आहे. इथे संतकवी दासोपंतांनी पंचीकरणासारखा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा, गुंतागुंतीचा विषय आकृत्यांसह सुमारे चाळीस फूट लांब कापडावर मांडला. ती पासोडी आजही इथे आहे. विषय विस्तृत होता, म्हणून त्यांनी कापड वाढवलं. आमच्या अहवालांत आधी रंगीत साचा ठरतो, मग त्यात मावेल तेवढाच विषय कोंबला जातो.

माझी मागणी साधी आहे. सभासदांच्या अहवालात खांब शून्यापासून उभे करा. थकबाकीची पाच वर्षांची रेषा पहिल्याच पानावर छापा. आणि सभासदांनीही टाळी वाजवण्याआधी खांबाचा पाया पाहावा. पोतं घेताना आपण काटा शून्यावर आहे का, हे पाहतोच की!