गावाकडचं घर बंद करताना



उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपत आल्या की आमच्याकडे एक काम ठरलेलं असतं. मूलच्या पुढे जंगलाला लागून असलेलं सासरचं कवेलूचं घर बंद करून चंद्रपूरला परतायचं. तिथं आता कायम कुणी राहत नाही. मृग लागायच्या आत कुलूप लावलं की ते दिवाळीच्या सुट्टीतच उघडतं. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडे अशी घरं आपल्यापैकी अनेकींची आहेत, म्हणून यावेळी त्याबद्दल.

पहिलं काम छताचं. वानरांच्या उड्यांनी कवेलू सरकतात, फुटतात. मे महिन्यातच ते फेरून घ्या. पाऊस तोंडावर आला की माणसं धानाच्या कामाला लागतात, मग कुणी मिळत नाही. एक कवेलू सरकलं तरी पाणी मातीच्या भिंतीत मुरतं, आणि चार महिन्यांत भिंत खचू शकते.

मग आतलं काम. मेन स्विच बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवा. रांजण, माठ, बादल्या पालथ्या घाला. साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टीत मलेरिया किती आहे हे आपल्याला ठाऊक आहे. कुरआन शरीफ आणि शेतीचे कागद सोबत आणा. ओल आणि वाळवी जुजदानालाही सोडत नाही. धान्य मागे ठेवू नका. दाण्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप.

हे शेवटचं वाक्य माझ्या सासूबाईंचं. त्याचा अर्थ मला एका दिवाळीच्या सुट्टीत कळला. एसटी उशिरा पोहोचली, मगरिब होऊन गेली होती. मुलं पेंगुळली होती. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली गादी मी अंथरायला ओढली, तेवढ्यात सासूबाईंनी हात धरला. ‘‘थांब बेटा, आधी बॅटरी आण.’’ गादीच्या घडीत मण्यार होता. ती रात्र आम्ही शेजारच्या काकूंकडे काढली. सकाळी सर्पमित्र आला.

मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत फारसं नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरचे समजतात अपचन झालं. अशा वेळी झाडफूक, चिरा देणं, घट्ट बांधणं यांत वेळ घालवू नका. माणसाला चालू न देता थेट सरकारी रुग्णालयात न्या. सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर चालते.

तेव्हापासून आम्ही घर बंद करताना उघडण्याच्या दिवसाचाही विचार करतो. गाद्या-सतरंज्या पत्र्याच्या पेटीत जातात. भिंतीची बिळं सिमेंटने बुजवतो, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावतो, सरपणाचा ढीग भिंतीपासून लांब रचतो. घर उघडायचं ते दिवसाउजेडी. आधी काठीने कोपरे हलवायचे, अंथरूण उन्हात झटकायचं. पहिल्या रात्री तर बाजेवरच झोपायचं आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचायची.

राहिली चावी. ती आम्ही काकूंकडे ठेवतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या आत एक फेरी मारतात, कुठे गळतं ते फोनवर सांगतात. आपली अमानत त्या सांभाळतात, मग आपणही काही करायला हवं. यंदा कवेलू फेरायला माणसं लावली, तेव्हा सासूबाईंनी आधी त्यांना काकूंच्या छतावर चढवलं.