लेकराचा रंग आणि आईचा हात



गेल्या उन्हाळ्यात जिंतूर तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशोब संपला, चहा आला आणि गटातल्या एका मावशींनी कौतुकानं आपला मोबाइल पुढं केला. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली होती, बारसं होऊन आठ दिवस झाले होते. फोटोतलं बाळ गोरंपान, गाल मेणासारखे गुळगुळीत, अंगाखाली फुलांची परडी, मागं इंद्रधनुष्य. फोटो हातोहात फिरला. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाळंतीण लेकराला घेऊन बाहेर आली. लेकरू छान सावळं होतं. कपाळावर बारीक लव, गालावर स्वतःच्याच नखाचा ओरखडा, आणि कानाजवळ काजळाची ठसठशीत तीट.

"हिचाच का गं हा फोटो?" कुणीतरी विचारलं. सगळ्या हसल्या. बाळंतीण हसली नाही.

निघताना ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. म्हणाली, "ताई, जन्मून तास झाला नाही तर सासरहून फोन. फोटो पाठवा, फोटो पाठवा. पहिली पोरगीच, त्यात सावळी. म्हणलं, पाहतील तवा पाहतील, तोवर तर कुणी बोलायचं नाही." खाटेवर पडल्या पडल्या, टाके दुखत असताना, तिनं पोरीचा रंग उजळला होता. बारशाला सासरची माणसं आली. पाळण्यात डोकावून पहिलं वाक्य निघालं, "फोटोत तर गोरी होती की!"

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे हाल आहेत, हुंडा आहे, नापिकी आहे. एवढं सगळं समोर असताना संपादकीय बाळाच्या फोटोवर कशाला, असं काही जणींना वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या दिवसापासून मी गावोगाव फोटो बघायला लागले, आणि एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी सासरच्यांची बाळाशी पहिली भेट बारशाला, पाळण्यापाशी व्हायची. तोवर बाळ-बाळंतिणीला बारा दिवसांची उसंत मिळायची. आता पहिली भेट फोटोत होते, आणि ती परीक्षाच असते. त्या परीक्षेला लेकराला बसवण्याची तयारी बाळंतीण एकटी, रात्री, मोबाइलवर करत असते.

फोटो सजवणं नवं नाही. स्टुडिओच्या जमान्यात कारागीर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग भरून काढत, कृष्णधवल फोटोला ब्रशनं रंग देत. माझ्या स्वतःच्या लहानपणच्या स्टुडिओतल्या फोटोत माझ्या तोंडावर इतकी पावडर आहे की मी पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी दिसते. काळ्यासावळ्या माणसांशी दुजाभाव तर रंगीत फिल्मच्या घडणीतच होता. कोडॅक कंपनी रंग नीट उतरले की नाही हे तपासायला जे नमुना-फोटो प्रयोगशाळांना पाठवी, त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा असे. त्या फोटोला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग बरोबर उतरला की सगळं बरोबर! पुढं सत्तरच्या दशकात चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मालाचे गडद रंग नीट उतरत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा फिल्म सुधारण्याला जोर आला. माणसांच्या चेहऱ्यांसाठी जे सुचलं नाही ते चॉकलेटसाठी सुचलं.

आज हे काम मोबाइल करतो. 'ब्युटी' म्हणून जे बटण असतं ते चेहरा शोधतं, त्वचेवरचे बारीक फरक पुसून ती सपाट करतं आणि बहुतेक वेळा उजळही करतं. काही मोबाइलमध्ये ही सोय आधीपासूनच चालू असते. म्हणजे आईनं काही केलं नाही तरी लेकरू गोरं होऊन बाहेर येतं. 'सुंदर' म्हणजे 'उजळ' हे आईनं ठरवलेलं नाही. ते कंपनीनं ठरवून आईच्या हातात दिलेलं आहे.

अर्थात कंपनीला ते आपल्याच घरातून मिळालं. पोटुशीला केशर-दूध द्यायचं ते बाळ गोरं व्हावं म्हणून. नवजात लेकराचं अंग डाळीच्या पिठानं चोळायचं तेही रंग उजळावा म्हणून. दोन्हींनी रंग बदलत नाही. जन्मतः बाळ लालसर किंवा फिकट दिसतं, पुढच्या काही आठवड्या-महिन्यांत त्याचा खरा रंग येतो, आणि तो आई-बापाकडून आलेला असतो. पण 'बाळ काळवंडलं' म्हणून बोल मात्र बाळंतिणीच्या पथ्याला लागतो. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० साली, जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला तेव्हा, 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव बदललं. पाळण्यात डोकावणारी नजर कुठं बदलली?

आणि हे कुठं, तर आपल्याकडं! काळ्या रानाला आपण सोनं म्हणतो. विठ्ठल आपल्याला सावळाच गोड वाटतो, आणि त्याला हक्कानं बोल लावणारी जनाबाई तर आपल्या गंगाखेडची. तीट लावणाऱ्या आजीच्या हातात एक शहाणपण होतं. लेकरू फार देखणं दिसू नये, कुणाची नजर लागू नये, म्हणून ती स्वतः काळा ठिपका लावायची. अंधश्रद्धा खरी, पण त्यात 'माझं लेकरू आहे तसंच देखणं आहे' ही खात्रीही होती. मोबाइलवरचं बोट पहिल्यांदा ती तीटच पुसतं.

मुलाच्या फोटोवरूनही हे बोट फिरतं, नाही असं नाही. पण सावळा मुलगा 'कृष्ण' होतो आणि सावळी मुलगी 'हुंडा जास्त लागेल' होते. मुलीनं जन्मूच नये यासाठी यंत्र वापरलं गेलं ते आपण पाहिलं आहे. त्याविरुद्ध स्त्री संघटना लढल्या, म्हणून १९८८ साली महाराष्ट्रात गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातला पहिला कायदा झाला आणि १९९४ साली केंद्राचा. तरीही २०११च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागं ८०७ मुली भरल्या. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभानं नवी नावं देण्यात आली. सोनोग्राफीचा गुन्हा आणि फोटो उजळणं एकाच मापानं मोजावं असं मी म्हणत नाही. पण जी जन्मली, तिला 'आहेस तशी चालणार नाहीस' हे पहिल्या तासात सांगणारी नजर त्याच घराण्यातली आहे.

आता एक वेगळाच धोका सांगते, तो केवळ मनाचा नाही. पाथरीकडच्या एका गावात चौथ्या दिवशी लेकरू दूध ओढेना. घरच्यांनी आशाताईंना फोटो पाठवला. फोटोत लेकरू गुलाबी, टवटवीत. आशाताई अनुभवी. फोटोवर भिस्त न ठेवता त्या स्वतः गेल्या. लेकराला दाराच्या उजेडात आणून त्यांनी कपाळावर आणि छातीवर बोटानं हलकं दाबून पाहिलं, डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. पिवळा धमक! मोबाइलनं सगळा पिवळेपणा खाऊन टाकला होता. लेकराला दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, आता ते बरं आहे. नवजात बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. पण जन्मून चोवीस तासांच्या आत दिसली, तळहात-तळपायापर्यंत उतरली किंवा लेकरू सुस्त पडून दूध सोडू लागलं, तर वेळ घालवायचा नसतो. वाढलेली कावीळ मेंदूला इजा करते. ओठ, जीभ निळी पडणं ही तर तातडीची खूण. रंग हीच या लेकरांची भाषा आहे. त्यांना दुसरं बोलता येत नाही. ती भाषाच आपण पुसून टाकली तर ऐकणार काय?

घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं महत्त्व सगळ्या देशाला दाखवलं ते गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'नं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. फोटो पाठवला म्हणून या भेटी टाळू नका, आणि आशाताईंनीही टाळू देऊ नयेत.

दुसरा धोका फोटोतल्या करामतीचा. हनुवटी दोन्ही तळव्यांवर टेकवून शांत झोपलेलं बाळ तुम्ही पाहिलं असेल. जाणकार फोटोवाले तो फोटो दोन फोटो जोडून करतात. एकात आई किंवा मदतनीस बाळाचं डोकं धरते, दुसऱ्यात हात. मग दोन्ही जोडून धरणारा हात पुसून टाकतात. हे माहीत नसलेल्या घरात खऱ्या लेकराला तसं बसवायला जातात. नवजात बाळाची मान धरलेली नसते. उघडं अंग लवकर गार पडतं. करामत करायची तर ती फोटोत करा, लेकराच्या मानेवर नको.

मला मात्र त्या पुसलेल्या हातानं जास्त अस्वस्थ केलं. एकोणिसाव्या शतकात फोटो निघायला बराच वेळ लागे, लेकरू हलू नये म्हणून आई त्याला मांडीवर धरून बसे, आणि फोटोत ती दिसू नये म्हणून तिला डोक्यापासून पायापर्यंत कापडानं झाकत. युरोप-अमेरिकेतले असे कितीतरी फोटो आजही जपलेले आहेत. लेकरू खुर्चीवर बसल्यासारखं दिसतं, आणि ती खुर्ची आई असते. आज कापडाची गरज उरली नाही. विस्कटलेल्या केसांची, डोक्याला फडकं बांधलेली, दूध सांडलेली बाळंतीण एका बोटानं कापून टाकता येते. जिनं नऊ महिने वाढवलं, जी रात्ररात्र जागते, तिचा हात 'फोटो खराब करतो'. बाईच्या कामाचं हे नेहमीचंच झालं आहे. काम दिसावं, करणारी दिसू नये.

मग फोटो सजवूच नयेत का? तसं मुळीच नाही. हौस ही बाईची चैन नाही, तिचा हक्क आहे. अंधाऱ्या खोलीतला फोटो उजळ करा, तिरका असेल तर सरळ करा, मागची दोरीवरची धुणी काढून टाका. त्याआधी लेकराला सकाळी दाराशी, सौम्य उजेडात घ्या, मोबाइलची 'ब्युटी' बंद करा, निम्मं काम तिथंच होतं. उजेड सुधारा, लेकराचा रंग सुधारायला जाऊ नका. मूळ फोटो पुसू नका. ती मुलगी मोठी झाल्यावर 'मी कशी होते' हे विचारणार आहे. आणि एक सांगायचं तर, फोटो सजवणारी कितीतरी ॲपं तो फोटो आपल्या कंपनीकडं पाठवतात. बाळाचं उघडं अंग, पूर्ण नाव, गाव, दवाखाना हे सगळं एकत्र कुणाच्याही हाती देऊ नका.

दोष त्या बाळंतिणीला देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. तिनं लेकीला लपवलं नाही, तिच्यापुढं ढाल धरली. ढाल धरायची पाळी जिनं आणली ती नजर बदलायची आहे, आणि ते काम सासरच्या अंगणात, आत्याबाईंच्या, आजेसासूबाईंच्या बैठकीत करायचं आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत लेकींचे जसेच्या तसे फोटो मांडा. पाळण्यात डोकावताना रंगाबद्दल पहिलं वाक्य बोलायचं नाही, 'बाळंतीण कशी आहे' हे विचारायचं, एवढा एक ठराव करा. मोठा मोर्चा नाही हा, पण अवघड आहे. करून पाहा.

पावसाळ्यात त्या गावी परत गेले. त्या लेकीला म्हटलं, आपण एक फोटो काढू. दाराच्या उजेडात मांडीवर लेकरू, कानाजवळ तीट, आणि मानेखाली तिचा हात, हिरव्या बांगड्यांसकट. तिनं बराच वेळ पाहिला. म्हणाली, "ताई, माझ्यावर गेलीय की ही." बारशानंतर पहिल्यांदाच तिला ते बघायला मिळालं असावं.

तो फोटो मुखपृष्ठावर छापायचा मोह झाला होता. आई हो म्हणाली, पण लेकीला विचारता येत नाही. म्हणून या अंकावर फक्त त्या हाताचं रेखाचित्र आहे. तुमच्याकडचे अनुभव लिहून कळवा.

तुमची,
संपादक