भातात डुक्कर, मोबाईलवर दुर्बीण: बंदुकीवर पैसे घालण्याआधी हे वाचा

भात पोटरीला आलं की आपल्याकडे दोन कामं सुरू होतात. रात्री मांगरात राखण आणि दिवसा मोबाईलवर शोधाशोध. 'बंदुकीची दुर्बीण, स्वस्त' असं एकदा टाकून बघा, पुढचे आठ दिवस मोबाईल तुम्हाला दुसरं काही दाखवणार नाही. चौपट दुर्बीण, नऊपट दुर्बीण, लाल ठिपका, हिरवा लेझर, नाईट व्हिजन. दर दीड-दोन हजारांपासून सुरू. एका रात्रीत डुक्कर याच्या कितीतरी पट नुकसान करून जातो, त्यामुळे माणसाला वाटतं, घेऊन टाकूया.

थांबा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका घरोघरी नसल्या तरी वाडीवाडीत आहेत. त्यातल्या बहुतेकांसाठी ही दुर्बीण फुकटचा खर्च आहे, आणि काहींसाठी तर धोका. का ते एकेक करून बघू.

आपली बंदूक कोणती, ते आधी बघा

जाहिरातीत दिसते ती रायफल. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो. एकच गोळी गिरकी घेत सरळ लांब जाते, म्हणून तिला दुर्बीण शोभते. आपल्याकडे शेतीसाठी मिळते ती बहुतेक करून ठासणीची बंदूक, नाहीतर बाराबोर, सिंगल किंवा डबल बार. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. या दोन्ही बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असते.

गुळगुळीत नळीतून जाड छर्रे सुटले की ते पसरत जातात. साधा हिशोब असा, दर मीटरला साधारण एक इंच. म्हणजे २५-३० मीटरवर तुमचे छर्रे दोन-अडीच फुटांच्या घेरात पडतात. ३५ मीटरच्या पुढे तर डुक्कर मरण्यापेक्षा जखमी होऊन पळण्याची शक्यता जास्त. आता मला सांगा, दोन फुटांचा घेर पडणाऱ्या बंदुकीवर सुईच्या टोकाएवढा नेम दाखवणारी काच लावून काय मिळणार?

उलट नुकसान आहे. चौपट दुर्बिणीतून १०० मीटरवर साधारण १० मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. २५ मीटरवर तो अडीच मीटरच उरतो. धावतं डुक्कर त्या भोकात सापडेपर्यंत बांध ओलांडून गेलेलं असतं. आणि त्या अडीच मीटरच्या बाहेर कोण उभं आहे, ते तुम्हाला दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य परत एकदा वाचा. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरच्या बाजूला डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांच्या गोळीने त्यांचाच सोबती गेला. डुक्कर समजून गोळी सुटली होती. अशा बातम्या कोकणात नव्या नाहीत. त्यात चूक नेमाची नसते, नेम बरोबरच लागलेला असतो. समोर काय आहे ते न ओळखता चाप ओढला जातो, चूक ती असते. ही चूक कुठलीच दुर्बीण दुरुस्त करत नाही.

मग दुर्बीण कामाची कोणाला?

दोघांना. एक, ज्याच्याकडे परवान्याची रायफल आहे, म्हणजे आपल्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ किंवा .२२. दुसरा, ज्याच्याकडे एअरगन आहे.

एअरगनबद्दल स्पष्ट बोलू. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन विनापरवाना मिळते. पण ती डुकरासाठी नाही. तिच्या छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही, चामडीत छर्रा घेऊन चिडतं. वानरावर, मोरावर, भेकरावर ती चालवली तर एअरगनला परवाना लागत नाही म्हणून वनखातं सोडत नाही. ती डब्यावर नेम धरायला चांगली, एवढंच.

रायफलवाल्याने लक्षात ठेवायचं ते वेगळं. रायफलीची गोळी दीड-दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. आपल्याकडे दर अर्ध्या किलोमीटरवर वाडी आहे. मागे डोंगराचा उतार किंवा मातीचा बांध नसेल, तर दुर्बिणीत डुक्कर कितीही मोठं दिसो, गोळी झाडायची नाही.

घ्यायचीच असेल तर हे तपासा

पहिलं, मोठ्या आकड्याला भुलू नका. '३-९×४०' म्हणजे तीन ते नऊ पट आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. पुढच्या काचेला पटीने भागा. ४० भागिले ९, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आसपास. '४×३२' ला हाच हिशोब ८ येतो. एवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यात पोचतो. काळोखात माणसाची बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते. म्हणजे तिन्हीसांजेला नऊपटीवर चित्र मोठं पण काळं दिसतं, साध्या चौपटीवर उजळ दिसतं. स्वस्तात घ्यायची तर एकच पट असलेली ४×३२ बरी. हलणारे भाग कमी, बिघाड कमी.

दुसरं, डोळ्याचं अंतर. बंदूक मागे धक्का देते. दुर्बीण डोळ्यापासून तीन-चार इंच लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. दोन इंचावर डोळा न्यावा लागत असेल, तर पहिल्याच बाराला भुवई फुटेल.

तिसरं, कुठल्या बंदुकीसाठी बनली आहे ते विचारा. एअरगनची हलकी दुर्बीण रायफलीवर लावली की आतल्या तारा सुटतात. उलटही खरं आहे. स्प्रिंगची एअरगन आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, त्यात साधी रायफलीची दुर्बीणही खिळखिळी होते. शिवाय रायफलीच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डासाठी जुळवलेल्या असतात. २५ मीटरवर बघताना डोळा जरा सरकला की नेमही सरकतो.

चौथं, पकड. दुर्बीण दोन हजारांची आणि ती धरणारी पट्टी-कडी दीडशेची, असं केलं तर दर बाराला नेम बदलणार. पैसे वाटायचे तर पकडीवर जास्त घाला.

पाचवं, पावसाळी हवा. आत नायट्रोजन भरलेली आणि पाणीबंद असल्याशिवाय कोकणात घेऊ नका. नाहीतर पहिल्या धुक्याला आतून घाम येतो आणि तो पुसता येत नाही.

आणि एक. बाराबोरवर पट्टी बसवायला नळीवर भोकं पाडून घेण्याचा विचार कोणाच्या डोक्यात असेल, तर गॅरेजवाल्याकडे किंवा वेल्डरकडे जाऊ नका. बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार परवाना असलेल्या कारागिराकडेच करता येतात. कमजोर झालेली नळी तोंडासमोर फुटते. ऑनलाईन दुर्बिणीच्या जोडीला आवाज दाबणारी नळी दाखवली तर तिला हातही लावू नका. कायद्याच्या भाषेत ती नळी म्हणजेच बंदूक धरली जाते. दुर्बीण, लेझर असलं काहीही लावण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या.

कागद आधी, काच नंतर

बरेच जण समजतात, बंदुकीचा परवाना आहे म्हणजे डुक्कर मारायची परवानगी आहे. तसं नाही. बंदूक बाळगण्याचा कागद वेगळा, जनावर मारण्याचा कागद वेगळा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना जनावर मेलं तर कायदा सांभाळून घेतो. पीक वाचवताना मेलं तर आधीचा कागद लागतो. तो नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गवा आणि हत्ती पहिल्या अनुसूचीत आहेत, तिथे शिक्षा याहून कडक. परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता असतं. मटणाचे वाटे घातले की सगळी वाडी आरोपी.

राधानगरी अभयारण्याच्या जवळ, घाटाखाली राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना हवा असेल तर वनखात्याची आधी संमती लागते.

बंदूक ठाण्यात, डुक्कर शेतात

आता खरी अडचण. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. कापणीच्या तोंडावर बंदूक गेली की राखणीला काठी आणि पत्र्याचा डबा उरतो. शेतकरी दर निवडणुकीला हे बोलतो, निवडणूक झाली की सगळे विसरतात.

दुर्बिणीचाही याच्याशी संबंध आहे. बंदुका ठाण्यात एकमेकींना टेकून उभ्या राहतात. परत येते तेव्हा दुर्बिणीची जुळवणी हललेली असते. ती परत जुळवायला आठ-दहा काडतुसं उडवावी लागतात. २५ मीटरवर नेम दोन इंच बाजूला पडत असेल तर नेहमीच्या दुर्बिणीचा खटका २८ वेळा फिरवावा लागतो, आणि दर वेळी बार काढून बघावं लागतं. काडतुसांचा वर्षाचा कोटा परवान्यावर ठरलेला. सरावाची जागा तालुक्यात नाही. शेतात बार काढले तर शेजारी फोन लावतो. मग माणूस न जुळवलेली दुर्बीण घेऊन राखणीला बसतो. तिच्यापेक्षा नळीच्या टोकाच्या मण्यावर लावलेला पांढऱ्या रंगाचा ठिपका जास्त भरवशाचा. तो हलत नाही आणि त्याला दहा रुपये लागतात.

मागायचं काय?

केरळने २०२२ मध्ये रानडुकराबाबत निर्णयाचा अधिकार ग्रामपंचायत-नगरपालिकांच्या प्रमुखांपर्यंत नेला. परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी केली आणि तक्रार आली की त्यातल्या माणसाला लेखी आदेशाने बोलवायचं ठरवलं. तिथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. पण अनुभवी माणूस, तपासलेली बंदूक आणि कागद या तीन गोष्टी तिथे एकत्र येतात. आपल्याकडे तिन्ही सुट्या आहेत.

आपल्या ग्रामसभेने तीन ठराव करायला हरकत नाही. कलम ११ ची परवानगी तालुक्याच्या जागी ठराविक दिवसांत मिळावी. आचारसंहितेत शेती संरक्षणाच्या बंदुकांचा निर्णय सरसकट न घेता एकेकाचा बघून घ्यावा. आणि पावसाळ्याआधी वर्षातून एक दिवस पोलिसांच्या देखरेखीखाली बंदूक तपासणी आणि नेमाचा सराव व्हावा.

तोपर्यंत नुकसानीचा पैसा सोडू नका. पीक खाल्लं की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार द्या, फोटो काढा, पंचनाम्याची प्रत मागा. जंगली जनावरांनी केलेलं नुकसान खरीप २०२६ पासून पीक विम्यात धरलं जाईल, असं केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. त्यात ७२ तासांत मोबाईलवरून फोटोसह नोंद करायची आहे. म्हणजे दुर्बीण शोधता तोच मोबाईल या कामालाही लागतो.

हातात दोन हजार असतील तर पहिले पैसे चांगल्या बॅटरीवर घाला, समोर माणूस आहे की जनावर ते कळण्यासाठी. दुसरे बंदूक तपासून घेण्यावर. एवढं करून काही उरलं आणि बंदूक खरंच रायफल असेल, तर दुर्बिणीचं बघा.